खाचराचं पोट

मुठा खोऱ्याच्या उतरणीला गोजराबाईचं एकच खाचर उरलं होतं. दोन सालं झाली, भात पोटरीत यायच्या आधीच पिवळं पडत होतं. युरिया टाकावा, तर पाऊस तो ओढ्याला नेऊन घालतो. शेण टाकावं, तर गोठा रिकामा. लवळ्याला रिक्षा चालवणाऱ्या लेकानं, शंभूनं, बजावलं होतं, "आये, औंदा भात पिवळं पडलं, तर खाचर बंगलेवाल्याला इकायचं. मग रडायचं न्हाई."

शेजारच्या विकलेल्या प्लॉटच्या कुंपणाला गिरीपुष्पाची झाडं होती. शेंगांचं झाड, त्याचा पाला चिखलात तुडवला की भात काळंशार येतं, हे तिनं पाहिलेलं. मे संपताना कळलं, शनिवारी कुंपण उपटायला जेसीबी येणार. मग चार दिवस कोयता, फांद्या आणि डोईवर भारे. ओठात ओवी:

खाचराच्या ताटामंदी पाला वाढिते हिरवा,
जेव बाई माझ्या भाता, नको धरूस रुसवा.

पाला बांधाकडेला वाळत टाकला. वाळला तरी त्यात कस राहतो. लावणीआधी चिखलात घालायचा.

शनिवारी शेवटचा भारा घेऊन ती वळली, तर खाचराकडं धूर. भारा टाकून ती धावली.

नवरा गेणबा आगीशेजारी उकिडवा बसलेला. सालभरात त्याची आठवण विझत आली होती, पण हात काही विसरले नव्हते. रोपांच्या वाफ्यावर सगळा पाला पसरलेला, वर गवत, वर मातीचा पातळ थर. जन्मभर दर मे महिन्यात रोपांची जमीन भाजायला रचला, तसाच राब.

"आये, बघ कसा भाजलाय!" बायकोला तो आई समजला होता.

"अवो, त्यो राबाचा न्हवता! खाचराचं पोट व्हतं त्ये!"

ओल्या पोत्यानं ती झोडपत सुटली. पोतं जळालं, हात पोळले. पाल्याचा कस धूर होऊन डोंगराकडं निघून गेला.

"रडतीस कशापायी? रोप झ्याक येईल."

"येईल. आन् खाचरात जाऊन उपाशी मरंल."

संध्याकाळी शंभू आला. राख पाहून त्यानं बापाकडं पाहिलं. "कुणी केलं ह्ये?"

"मी," गोजराबाई म्हणाली. "हाताची सवय जात न्हाई बघ."

शंभूनं मोबाईल काढला.

"थांब रं. एक भारा हाय अजून, वाटंवर."

"एका भाऱ्यानं काय व्हतंय, आये?"

"एक कोपरा."

ती जाऊन भारा घरी घेऊन आली. अंगणात शंभू फोनवर बंगलेवाल्याशी बोलत होता, "व्हय साहेब, उद्या या." पोळलेल्या बोटांनी ती फांद्यांचा पाला ओरबाडू लागली. गेणबा समोर येऊन बसला, तोही ओरबाडू लागला. तिनं हळूच त्याच्या खिशातली काड्यापेटी काढून आपल्या कनवटीला खोचली.