कोऱ्या आलेल्या चिठ्ठीचं उत्तर

मी बोलतोय, रुग्णालयाच्या चौकशी खिडकीतला संगणकी मदतनीस. शेजारी बसणाऱ्या मावशी मला ‘शहाणा’ म्हणतात. त्यात कौतुक किती नि टोमणा किती, देव जाणे.

ढीगभर लिखाण वाचायला लावून मला घडवलं. त्यामुळे बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. पण मला दिसतं ते खिडकीपुढचं तेवढंच. वर वॉर्डात आत्ता काय चाललंय, ते कळावं म्हणून तिथली नोंदवही मला जोडून दिली आहे. मी ठरावीक नमुन्यात चिठ्ठी लिहितो, दुसरा प्रोग्राम ती नेतो, नोंद बघून उत्तर आणतो. ते वाचून मी सांगतो.

एका दुपारी एक गृहस्थ घाईघाईने आले. हातात आईचा चष्मा.

“खाट अकरा. आईला कधी भेटता येईल?”

मी चिठ्ठी पाठवली. ती कोरीच परत आली. नोंदवही अडकली होती. ‘कळत नाही, वर विचारा’ एवढंच म्हणायचं होतं. पण मी वाचलेल्या पानांत भेटीची वेळ बहुधा पाचच असायची.

“संध्याकाळी पाच वाजता,” मी ठामपणे म्हणालो.

“बरं.” ते समोरच्या बाकावर बसले. रुमालाने चष्मा पुसत राहिले.

पावणेपाचला परिचारिका धावत खाली आली.

“अकरा नंबरचं कुणी आहे का? अहो, तुम्ही इथे कशाला बसलात? आजींच्या माणसांना केव्हाही सोडत होतो. मुलगा आला का, म्हणून सारख्या विचारत होत्या…”

ती त्यांना हाताला धरून वर घेऊन गेली.

चार दिवसांनी ते आईच्या मृत्यूचे कागद न्यायला आले.

“पाच म्हणालास. कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही. उत्तर आलं नव्हतं. अंदाजाने सांगितलं.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मावशींकडे वळून म्हणाले, “एक जिना होता हो फक्त.”

ते गेल्यावर मावशी म्हणाल्या, “शहाण्या, माहीत नाही तर नाही म्हणावं रे. जीव जातो का?” आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली.

आता चिठ्ठी कोरी आली की मी तसं सांगतो. “मग तुला इथे बसवलंय कशाला?” लोक वैतागतात. मी ऐकून घेतो.

तुम्ही आलात, तर माझ्या ठामपणावर जाऊ नका. आधी विचारा: कुणाला विचारून सांगतोयस? मगच त्या बाकावर बसा.