लोहद्वाराच्या खाली

त्र्याण्णव सालच्या श्रावणात डिंभे धरणाचं पाणी खालच्या शेतांत शिरलं, तेव्हा सावळेराम गुरुजींनी शाळेतला युरोपचा नकाशा देवळाच्या भिंतीला टांगला. गुरुजी गावात देवापेक्षा वर. देव काही सांगत नाही, गुरुजी सांगतात.

"ही डॅन्यूब. हे लोहद्वार, इथं ती डोंगरांतून सुटते. खाली डाव्या हाताला रुमानिया, उजव्याला बल्गेरिया, शेवटी तीन फाटे आणि काळा समुद्र. ह्या लोहद्वारापाशी एक बेट होतं. मशीद, बाजार, अंजिराची झाडं. धरणात बुडालं. सरकार म्हणालं, दुसऱ्या बेटावर वसवू. पण लोक आधीच एकेक करून सटकले. मग वसवणार कुणाला?"

"आपण न्हाई सटकायचं!" बहिरू ओरडला. गुरुजींनी त्याची पाठ थोपटली. सगळ्यांना एका जागी जमीन मिळेस्तोवर कुणी सही करायची नाही, असं ठरलं. बुडीत शेताच्या बदल्यात कॅनॉलकाठची दोन एकरं देऊ करणारी सरकारी नोटीस बहिरूनं चुलीत घातली.

आठ महिन्यांनी पोरीच्या दाखल्यासाठी तो तालुक्याला गेला. दाखला खिशात घालता घालता त्यानं कॅनॉलकाठच्या जमिनीचं विचारलं, तसा कारकून हसला. "कॅनॉलकाठ? तुमच्या गावातली पयली सही गुरुजींची. पार गेल्या जेठातली."

म्हणजे आधी सही, मग नकाशा.

बहिरू तडक शाळेत गेला. पोरं घरी गेली होती.

"आमाला बेट सांगत व्हता!"

"बेट खरंच आहे. पुस्तकात बघ."

"आन तुमी?"

गुरुजी खडूचे हात झटकत राहिले. "सगळे धावले असते तर काठाची जमीन पुरली नसती, भाऊ. मला दोन पोरी आहेत."

बहिरूनं त्यांची कॉलर धरली. ह्याच माणसानं त्याचा अंगठा सोडवून त्याला सही शिकवली होती.

"मार. पण ऐक. बाकीच्या गावांनी उचलून माझ्या शेजारचा एकच तुकडा उरलाय. बोंबललास तर उद्या चाळीस जण कचेरीत उभे राहतील."

बहिरूनं कॉलर सोडली.

सकाळी एसटीच्या थांब्यावर जानकू भेटला. बहिरूच्या बांधाला बांध लागलेला शेजारी, पाच लेकरांचा बाप.

"कुठं निगाला, राव?"

"तालुक्याला. पोरीचा दाखला."

"मंग इचार तिथं, आपल्या गावाचं कवा ठरतंय. गुरुजी म्हनतात, दम धरा. मी तर नोटीस उघडलीबी न्हाई."

"बरं केलंस," बहिरू म्हणाला आणि एसटीत चढला.