टोपलीभर हिकुरी

हिकुरी, म्हणजे वाळवंटातलं बिनकाट्याचं कडू निवडुंग, खाऊन देव बघायचे, तर ती जिथे उगवते त्या विरिकुताच्या वाटेवर आधी आपापली लफडी सगळ्यांसमोर सांगावी लागतात. एकेक नाव घ्यायचं, आम्हाला नेणारे हैयुका काका दोरीला गाठ मारतात, शेवटी दोरी आगीत. ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. गाठ जळाली की विषय संपला. नवरा-बायको शेजारीशेजारी बसून सांगतात आणि बाकीचे पोट धरून हसतात.

माझा नवरा यौशाली उठला. पहिली दोन नावं मला ठाऊकच होती.

"आणि त्या कुंभारणीला विसरलास काय रे?" मागून कोणीतरी ओरडलं. "लाथ घालून हाकललं होतं ना तुला!"

मीही हसले. मग तो म्हणाला, "उतिमा."

कोणी हसलं नाही. उतिमा माझी धाकटी बहीण. ती आमच्या घरी माझी लेकरं सांभाळत होती, आमचा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून मीठ सोडून बसली होती.

काकांनी गाठ मारली. "तुरामा, राग आला?"

"नाही."

"खरं सांग गं पोरी. रागावलेल्याला हिकुरी तोंड दाखवत नाही. उद्या रिकाम्या टोपलीने फिरशील."

"नाही आला, काका."

खरंच आला नव्हता. फार वेळ बसून पाय बधिर होतो आणि आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं. दोरी जळाली.

सकाळी सगळे काटेरी झुडपांखाली वाकून शोधत होते. मला पहिल्याच झुडपाखाली झुबका सापडला. मुळं जमिनीत ठेवून मी वरचे गोल गड्डे कापले. पुढच्या झुडपाखाली पुन्हा तेच. एक तिथेच खाल्ला. कडूपणाने बाकीच्यांची तोंडं वाकडी होत होती, मी मक्याची भाकरी चावावी तसा चावला.

"बघा रे, मन निर्मळ असलं की कसं होतं!" काका माझी टोपली सगळ्यांना दाखवत होते.

"अगं, आम्हाला ठेव की थोडी!" बायका चिडवत होत्या.

यौशाली सकाळपासून माझ्या मागेमागे होता. त्याने टोपलीत डोकावून पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"मला वाटलं होतं, तुला एकही सापडणार नाही," तो म्हणाला आणि रडायला लागला. "शिवी तरी दे गं."

"गाठ जळाली ना?" म्हणत मी पुढच्या झुडपाखाली वाकले. तिथेही भरपूर होती.