जाड सोंडेचा ढेकूण

नातीने तोंडाला कुलूप लावून आज तिसरा दिवस होता, आणि मोठीआईच्या मते हा निव्वळ माज होता. हाक मारली तर "हं". जेवायला बोलावलं तर "नंतर". लेकीची लेक, लाडाची, सगळं कबूल. पण शिकायला आजोळी राहायचं आणि दार लावून बसायचं? घर आहे की धर्मशाळा?

शेवटी मोठीआई दार न वाजवताच आत शिरली. नात संगणकासमोर बसलेली, डोळे सुजलेले. टेबलावर काचेची बरणी, तिच्यात घरामागच्या वाफ्यातून वेचलेले ढेकूण. शेंगांचा रस पिणारे, आणि चिरडले की नाक दाबून पळायला लावणारे. त्यातला कोण कोणाच्या भावकीतला हे शोधणं, हाच नातीचा अभ्यास.

"काय बिघडलंय ते सांग. नाहीतर ही बरणी गटारात."

"तुला नाही कळायचं गं, मोठीआई."

"तुझ्या आईला पोटात वाढवली तेव्हा मला कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं. बोल."

नातीला रडता रडता हसू आलं. मग तिने सांगितलं. प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया असतात, त्यांचा एक छोटासा जीनोम असतो. तो आईकडून लेकरांना मिळतो. तो वाचला की किड्यांचा वंशवृक्ष मांडता येतो.

"आणि बापाकडून?"

"यात काही नाही."

"मग शास्त्र खरं दिसतंय. पुढे?"

पुढे घोटाळा होता. एका तपकिरी ढेकणाच्या नमुन्यात दोन किड्यांचं वाचन निघालं होतं, आणि दुसरं थेट हिरव्या ढेकणाशी जुळत होतं. सर म्हणाले, नमुने मिसळलेत, हा निष्काळजीपणा आहे. पंधरा दिवसांत उलगडा कर, नाहीतर दुसरं काम बघ.

"मी मिसळले नाहीत गं! नळ्या नव्या, हातमोजे नवे..."

मोठीआईने बरणी उजेडात धरली. "तो हा का? याला तू शेंगांचा चोर समजतेस? अगं, हा शेंगेला तोंडसुद्धा लावत नाही. सोंड बघ, दाभणासारखी जाड! हिरव्याला भोसकतो आणि पितो. शेंगा तोडताना शंभरदा पाहिलंय. म्हणून तर मी याला मारत नाही."

नात जागच्या जागी थिजली. "बाकी सगळ्यांचे मी नुसते पाय घेतले होते. असला तेव्हा एकच सापडला होता, तोही लहान. म्हणून अख्खाच वाटून घेतला. पोटासकट."

"म्हणजे जेवणासकट."

"मोठीआई!"

बरणीत तसलाच आणखी एक होता. नातीने त्याचे सहा पाय तेवढे घेतले आणि चपला शोधत प्रयोगशाळेकडे धावली. बाराव्या दिवशी निकाल आला: वाचन एकच, स्वच्छ, आणि किडा शिकारी ढेकणांच्या फांदीवर. सरांनी विचारलं, सुचलं कसं? तिने सांगितलं, माझ्या आईच्या आईला विचारलं.

हे सगळं ती मोठीआईच्या गळ्यात पडून सांगत होती. मोठीआईने तिला हातभर दूर धरलं आणि नीट न्याहाळलं.

"हुशार आहेस, त्यात वाद नाही, आमच्याकडूनच आलंय ते. पण ज्याचं कूळ शोधायचं तो जेवतो काय, हे आधी बघावं. आणि अडलं तर तीन दिवस रडत बसायचं नाही. मी काय मेले होते?"