डाग आहेत, गळती नाही

मी विनाइलची निळी चादर बोलतेय. पोहण्याच्या तलावाच्या तळाला आणि चारही भिंतींना अंग टेकून असते. लोक काठावर येऊन म्हणतात, "पाणी किती निळंशार!" अहो, पाण्याला कुठला रंग? निळी मी आहे. श्रेय मिळालं नाही म्हणून मी कधी रुसले नाही, पण मला घाणेरडी म्हणाल तर ऐकून घेणार नाही.

कारखान्यात माझे पट्टे तापवून जोडले, घडी घालून मला खोक्यात भरलं आणि दोन बहिणींच्या घरामागे आणून उलगडलं. माझी वरची कड भिंतीवरच्या खाचेत अडकवली आणि आत पाणी सोडलं. पाण्याच्या वजनानं मी घट्ट बसले. ते वजन आहे तोवर मी धड आहे.

धाकटी बहीण मुलांना पोहायला शिकवायची. थोरली, जिला सगळे ताई म्हणत, ती टॉवेल, कुलपं, झाडलोट आणि शिस्त बघायची. ताई लहानपणी बुडता बुडता वाचलेली. लांब दांड्याच्या जाळीनं काठावरून पानं काढायची, पण पायाचा अंगठाही कधी पाण्याला लावायची नाही.

डाग काय, पडायचेच. पानं कुजली की तपकिरी, शिडीचा स्क्रू गंजला की तांबूस. धाकटी बुडी मारून डागावर व्हिटॅमिन सीची गोळी चोळायची. फिका पडला तर गंजाचा, नाही पडला तर पानाचा, मग त्याला क्लोरीनचं पाणी. मऊ ब्रश आणि हलका हात, यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं.

एकदा धाकटी परगावी गेली होती. तेवढ्यात एका मुलीची आई काठावरून वाकून म्हणाली, "तळ बघा कसा झालाय. आमची नाही हं उतरणार यात."

ताईचा चेहरा पडला. जिच्या स्वयंपाकघरात डबेसुद्धा रांग मोडत नाहीत, तिला हे कसं सहन व्हावं? तिनं पंप लावून सगळं पाणी उपसलं, बाह्या सरसावल्या आणि भांड्यांची तारेची घासणी घेऊन माझ्यावर तुटून पडली. पाणी नव्हतं ना, मग उतरायला कसली भीती?

मी काय करपलेली कढई आहे? वरून ऊन, अंगावर वजन नाही. मी आक्रसत गेले. एका कोपऱ्यात माझी कड खाचेतून निसटली आणि मी लोंबू लागले. तिनं ब्लीचिंग पावडर कोरडीच टाकली, तिथला माझा रंग कायमचा उडाला. तो पांढरा ठिपका डाग समजून ती आणखी घासत बसली. मला इतका राग आला होता की बोलायची सोय नाही.

धाकटी परतली ती थेट काठावर आली. "ताई, पाणी काढलंस?"

"लोक नावं ठेवत होते गं."

"पाणी काढलं की ही आखडते. आता फाटली तर नवी घालणं आपल्याला झेपायचं नाही. तलाव बंदच करावा लागेल."

ताईनं लगेच तलाव दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावलं. तो आला. कड चिमटीत धरून म्हणाला, "जुनी झालीय. काढून टाका, खड्डा बुजवा आणि झाडं लावा."

झाडं लावा म्हणे! डागाळलेली असेन, पण आजवर एक थेंब बाहेर जाऊ दिला नव्हता मी.

"आधी आम्ही बघतो," धाकटीनं त्याला वाटेला लावलं.

दोघींनी किटल्या भरभरून गरम पाणी माझ्या कोपऱ्यावर ओतलं. मी मऊ पडले. ताईनं दात-ओठ खाऊन ओढलं आणि कड पुन्हा खाचेत बसली. आता तलाव भरायचा होता. पाणी चढत असताना सुरकुत्या पायांनी दाबत भिंतीकडे सारायच्या असतात, आणि ते एकटीचं काम नव्हे.

"ताई, उथळ बाजूला तू उभी राहा."

"मी? पाण्यात?"

"मग दुसरं कोण आहे आपल्याला?"

ताई उतरली. पाणी घोट्यावर आलं, गुडघ्यावर आलं. कमरेला लागलं तेव्हा तिनं पायाची बोटं माझ्यात घट्ट रुतवली. तिची भीती मला तळव्यांतून कळली. घासणीचा राग गेला नव्हता, खोटं कशाला बोलू? तरी मी अंग ताणून धरलं आणि तिच्या पावलाखाली सुरकुती येऊ दिली नाही. तलाव भरेपर्यंत ती बाहेर आली नाही.

काही दिवसांनी ती आई पुन्हा आली. "ते पांढरं अजून तसंच आहे की."

ताई तिथंच, कमरेइतक्या पाण्यात उभी होती. "ते माझ्या हातून झालंय, जायचं नाही. पण पाणी स्वच्छ आहे. पाठवा तिला, मी धरते."

पोरगी शिडीवरून उतरली आणि ताईनं तिला दोन्ही हातांनी धरलं. तिची आई काठावरच उभी राहिली.

तर बाईसाहेब, आणि तुम्हीसुद्धा, मला काय बोलायचं ते खुशाल बोला. फक्त काठावरून नको. आत उतरा, माझ्यावर पाय रोवून उभे राहा आणि मग बोला.