सिस्टरच्या चादरी

यंदा थंडी लवकर सरली, असं ड्रायव्हरकाकांनी परस्पर जाहीर करून टाकलं. बस चालवायचं सुटल्यापासून त्यांचा सगळा जीव मागच्या अंगणातल्या टोमॅटोत होता. गल्लीत सगळ्यांच्या आधी रोपं जमिनीत लावली आणि कुंपणापलीकडच्या सिस्टरलाही भरीला घातलं.

"कशाला वाट बघताय? लावून टाका!"

सिस्टर हॉस्पिटलात नर्स. तिने खिडकीत कपांमधून वाढवलेली रोपं काकांच्या शब्दावर बाहेर लावली. आणि आठवड्याच्या आतच थंडी उलटली. दव गोठणार, असं रेडिओवर सांगितलं.

संध्याकाळी ड्यूटीला निघताना सिस्टरने दोन जुन्या चादरी आणि काड्या कुंपणावर ठेवल्या. "काका, माझ्या रोपांवर एवढं टाकाल? कापड पानांना टेकू देऊ नका हं."

"निर्धास्त जा!"

काकांनी आधी स्वतःची रोपं झाकली. बादल्या झाल्या, खोकी झाली, ताडपत्री झाली, तरी शेवटची ओळ उघडीच राहिली. काकूंनी अंगावरची रजई द्यायला साफ नकार दिला. काका कुंपणाशी घुटमळले. सिस्टरची रोपं भिंतीच्या आडोशाला आहेत, त्यांना काय होतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि तिच्या चादरी आपल्या ओळीवर ओढल्या.

सकाळी गवत पांढरं पडलं होतं. काकांची रोपं टवटवीत होती. भिंतीलगतची मात्र उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी काळी पडून लोळत होती. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर सिस्टर दिसली. काकांनी घाईघाईने चादरी उचलल्या, कुंपणावरून पलीकडे टाकल्या आणि हात लांबवून त्या मेलेल्या रोपांवर पसरल्या.

सिस्टरने चादर उचलून पाहिलं. म्हणाली, "झाकूनही गेली बघा. तुम्ही एवढ्या थंडीत धडपडलात. थँक्यू हं, काका."

"असू द्या, असू द्या," काका म्हणाले.

ती घरात गेली. काका वळले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू उभ्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मी काही बोलणार नाही," काकू म्हणाल्या. "पण माझ्याकडे चहा मागू नका आज."

काका थोडा वेळ पायरीवर बसून राहिले. मग उठून त्यांनी सिस्टरचं दार वाजवलं. तिच्या एका पायात अजून बूट होता. काकांनी मान खाली घालूनच सांगितलं. चादरी कुठे होत्या तेही, आणि मग कुठे टाकल्या तेही.

"माझ्यातली निम्मी रोपं काढून देतो. आत्ता लावून देतो."

"रोपांचं काही नाही हो काका. पुन्हा येतील," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पण मी थँक्यू म्हटलं, ते तुम्ही घेतलंत."

तिने वाकून पायातला बूट काढला.

"निम्मी नकोत. चार ठेवा कुंपणाशी, उठल्यावर माझी मी लावेन. आता झोपू द्या मला."

दार लागलं. काकांनी सगळ्यात जोमदार चार रोपं मुळांभोवतीच्या मातीसकट अलगद काढली आणि कुंपणाशी सावलीत ठेवली. दुपारी सिस्टर बाहेर आली तेव्हा ते अंगणातच होते. तिने मान हलवून ओळख दिली आणि खुरपं घेऊन कामाला लागली. काहीतरी बोलावं म्हणून काकांनी दोनदा घसा खाकरला. शेवटी ते आत निघून गेले.