खाचरांची नावं सांभाळणारी डिस्क

मित्रांनो, विठ्ठलरावांनी मला शेवटचं सुरू केलं, तो दोन हजार आठ सालच्या जानेवारीतला मंगळवार होता. भारनियमन संपून दहाच्या सुमारास वीज आली, त्यांनी बटण दाबलं आणि मी फिरू लागले. त्या दिवसांत माझ्यातून कट कट असा आवाज येऊ लागला होता. चहाचा कप हातात धरून ते थोडा वेळ ऐकत बसले. मग संगणकाच्या डब्यावर टिचकी मारून म्हणाले, "काय गं, तुझेही सांधे धरले का?" त्यांनी तीन नवी नावं टंकली, मधेच दोनदा चष्मा पुसला आणि मला नीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधावर चक्कर येऊन पडले. पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी त्यांच्या संगणकाच्या पोटातली हार्ड डिस्क. तुम्ही संगणकात जे काही लिहिता, ते वीज गेल्यावरही जिच्यावर राहतं, ती मी. माझा जन्म जिथे धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत झाला. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत आणि त्यांना न शिवता, अगदी जवळून, एक छोटा हात वाचत-लिहीत फिरतो. चकत्यांच्या मिनिटाला पाच हजार चारशे फेऱ्या. जागी असताना स्वस्थ बसणं मला माहीतच नाही.

दोन हजार साली मी पुण्याहून जीपमधून, गोधडीत गुंडाळून, मुळशीतल्या रिहे गावी आले. विठ्ठलराव भूमापन खात्यात मोजणीदार होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि गट नंबर लिहिले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की नंबर कागदावर आहेत, पण नावं कुठेच नाहीत. रिह्याच्या खोऱ्यात भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं. लांबटी, चोरवाफा, उंबराडी. एकाचं नाव रुसकं, कारण पाणी त्याच्याकडे सगळ्यात शेवटी पोचतं. जमिनी विकल्या जात होत्या, बांध मोडून फार्महाउसं उठत होती आणि बांधाबरोबर नाव जात होतं. म्हणून विठ्ठलराव दुपारी वही घेऊन फिरायचे आणि सकाळी ती नावं माझ्या हवाली करायचे. सात शिवारं, सात फाइली.

सगळ्यात जास्त नावं रंभाबाईंना ठाऊक होती. सत्तरी उलटलेल्या त्या बाई लावणी करता करता सांगायच्या आणि वर टोमणाही मारायच्या, की जल्मभर आमच्या बांधावर साखळ्या टाकल्या, तवा न्हाई विचारलं. विठ्ठलराव हसून तेही वहीत लिहून घ्यायचे.

माझं कौतुकही फार झालं. खंडेनवमीला मोजणीच्या जुन्या साखळीशेजारी माझा डबा मांडला जाई आणि त्यावर झेंडूचं फूल ठेवलं जाई. पण वीज केव्हाही जायची. वीज गेल्यावर संगणक सांभाळणारा बॅटरीचा डबा दमला होता. चालता चालता असं एकदम थांबावं लागलं, की माझा हात दचकायचा. दर वेळी कुठेतरी बारीक ओरखडा उठायचा. तो बाहेरून कुणाला दिसत नसे.

विठ्ठलरावांची मुलगी कल्पना मारुंजीला राहायची आणि हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करायची. तिची आई आधीच गेली होती. दोन हजार सहाच्या दिवाळीत कल्पनाने संगणकाला सीडी लिहिणारा ड्राइव्ह बसवून दिला आणि "या सगळ्याची एक प्रत माझ्याकडे असू द्या," असं वडिलांना म्हणाली. ती कशी काढायची ते तिने नंतर फोनवरच घाईघाईत सांगितलं : पडद्यावरची चित्रं ओढायची आणि सीडीच्या चौकटीत सोडायची, बस्स.

विठ्ठलरावांनी तसंच केलं. पण पडद्यावर होत्या त्या फाइली नव्हत्या, फाइलींकडे नेणाऱ्या खुणा होत्या, ज्यांना शॉर्टकट म्हणतात. त्या प्रत्येक खुणेच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. दुसरा कुणी त्या बाणाकडे पाहून थबकला असता. मोजणीदाराला त्यात नवल वाटलं नाही. नकाशाच्या कोपऱ्यात बाण असतोच, तो उत्तर दिशा दाखवतो. त्यांनी सीडी घरच्याच संगणकात घालून तपासलीही. सातही फाइली उघडल्या. त्यांना वाटलं, सीडी उघडली. पानं मी देत होते, मित्रांनो. आणि मला बोलता येत नाही.

सीडी त्यांनी स्वतः मारुंजीला नेऊन दिली. आठवड्याने फोनवर विचारलं, पाहिलीस का? कल्पना म्हणाली, "पाहिली अण्णा. छान झालंय." पुढचे कितीतरी दिवस ते गावभर हेच सांगत होते. रंभाबाई म्हणाल्या, "लेकीनं वाचलं म्हंजी आता कलेक्टरनंच वाचलं म्हनायचं."

तेराव्यानंतरच्या रविवारी कल्पनाने मला सुरू केलं. पहिल्या फाइलीपाशीच पडद्यावर आलं, की वाचता येत नाही. मी हात ठरलेल्या जागी नेत होते, तिथलं अक्षर लागत नव्हतं, मागे येत होते, पुन्हा जात होते. तीच ती कटकट. तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. अकरा वेळा. मग डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्राम लावला. तो मला दुखऱ्या जागेवरूनच सारखा फिरवत राहिला. ती खोलीत येरझारा घालत होती, मी डब्यात.

शेवटी मला टॉवेलमध्ये गुंडाळून तिने पौडला साबीरच्या दुकानात आणलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं ते छोटं दुकान. साबीरने आधी चेष्टा केली, की हिंजवडीवाल्यांनी पौडला यावं म्हणजे कमालच हाय. मग माझा आवाज ऐकला आणि ताबडतोब वीज तोडली.

"ताई, आजारी मानसाला पळवत्यात का? दुरुस्ती नंतर. आदी जे निघतंय ते काढून घ्यायचं." मग त्याने विचारलं, "दुसरी परत हाय का कुटं?"

ती म्हणाली, आहे, माझ्या कपाटात सीडी आहे. साबीर एकदम सैल झाला. मग घाबरायचं काय कारणच न्हाई, म्हणाला.

ती मारुंजीला जाऊन दोन तासांत परत आली. साबीरने सीडी आपल्या संगणकात घातली. सात चित्रं दिसली. एकही उघडेना. त्याने प्रत्येकाचं वजन पाहिलं, म्हणजे आत मजकूर किती आहे ते. एखाद्या ओळीपुरतं.

"ह्या नुसत्या पाट्या हायेत ताई. गावाकडं बोट दाखवनाऱ्या. गाव हितं, ह्या डिस्कमंदीच हाय." जरा थांबून त्याने विचारलं, "दिल्यावर कदी लावून बगितली न्हवती का?"

कल्पनाने सीडीचं रिकामं पाकीट उगाच चारदा उघडलं, मिटलं.

साबीरने माझी जुनी केबल बदलली. आपल्या संगणकाला मला दुसरी डिस्क म्हणून जोडलं आणि शेजारी टेबलफॅन लावला. गाणी, फोटो सगळं सोडून आधी त्या सात फाइली. न वाचता येणाऱ्या जागेपाशी अडून न राहता पुढे जाणारा प्रोग्राम त्याच्याकडे होता. पुढून जे मिळालं नाही ते त्याने मागच्या टोकाकडून वाचून पाहिलं. मी थरथरत होते. एवढं जीव तोडून मी कधीच वाचलं नव्हतं. पाच फाइली पूर्ण आल्या. सहावी अर्धी आली.

त्या दुपारनंतर मी पुन्हा फिरले नाही. आता दोन हजार दहा साल आहे आणि मी कल्पनाच्या टेबलाच्या खणात असते. हातून गेलेल्या नावांसाठी ती सुट्टीच्या दिवशी वही घेऊन रंभाबाईंकडे जाते. काही सापडली, काही त्यांनाही आठवत नाहीत. मित्रांनो, डिस्क कुरकुरू लागली तर तिला आधी विश्रांती द्या. प्रत काढलीत तर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. आणि कुणी मन लावून केलेलं काम तुमच्या हाती दिलं, तर त्याच दिवशी त्याचं एक तरी पान वाचा. न वाचता छान म्हणू नका. हे सांगितल्यावर मी शांत होईन असं वाटलं होतं, पण त्या दुपारचं शेवटचं अजून राहिलंच आहे.

सातवी फाइल ओढ्याकडच्या शिवाराची होती. साबीरने तीनदा प्रयत्न केला, मग माउसवरचा हात काढला. "ही न्हाई येत ताई. आता आनखी छळायला नगो."

दुकानात प्रिंटर घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक उभं होतं. कल्पनाने त्याच्याकडे पाहिलं नाही, साबीरकडेही नाही. मी अजून तापलेली होते. तिने माझ्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अण्णा, ती सीडी मी उघडलीच नव्हती."